दूत निरोप न देताच उठला

बायकोला माझं सगळं माहीत आहे, असं ती चारचौघांत बिनधास्त सांगते. मी मान हलवतो. पण आता जे लिहायला बसलोय ते तिला माहीत नाही, मुलाला नाही, आणि आमच्या कन्नड मंडळींच्या संघात ज्यांच्याबरोबर अर्धं आयुष्य गेलं, त्यांना तर नाहीच. मराठीत लिहितोय त्यालाही कारण आहे. घरी कन्नड, शाळा म्युनिसिपालिटीची मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा माझ्याच. पण कन्नडमध्ये लिहायला घेतलं की माझा हात आपोआप सुंदर लिहायला लागतो. सुंदर लिहून मी या गोष्टीवर एकदा पांघरूण घातलेलं आहे. पुन्हा ते नको.

तुम्ही म्हणाल, असं केलं तरी काय? खून नाही, चोरी नाही. एक प्रश्न विचारला आणि एकदा हात वर केला — बस. पण असं सांगितलं तर ते फारच लहान वाटतं, आणि लहान वाटावं अशीच माझी आतून इच्छा असणार. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

मीरा रोडला घरं स्वस्त होती त्या काळात आमची माणसं इथे आली. कुणी फोर्टातल्या हॉटेलातून, कुणी अंधेरीच्या कॅन्टीनमधून, कुणी माझ्यासारखा बँकेतला. उडुपी-कुंदापूरकडचे सगळे. गाव मागे पडलेलं, मुलं आपसात हिंदी बोलायला लागलेली. त्यांच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून बाबण्णांनी संघ काढला. बाबण्णांचं काशीमीऱ्याला, गॅरेजांच्या रांगेत, ट्रकवाल्यांचं हॉटेल होतं. इडली-सांबार सकाळी, राइस-प्लेट दुपारी. आवाज भरदार, अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि सभेत दुसऱ्याला बोलू न देण्याची खोड. गरीब बिचारा माणूस असं काही डोळ्यांसमोर आणू नका. बाबण्णा चांगलेच तोऱ्यात असायचे. पण संघ त्यांनी उभा केला हे खरं. महिन्यातून एका रविवारी शाळेचा हॉल मिळवायचे, खुर्च्या स्वतः लावायचे, आणि हॉटेलातून आमच्याकडची मैद्याची गरम गोळी-भजी आणायचे. मी सेक्रेटरी. पत्रव्यवहार, भाषणं, आभार — शिकलेला म्हणून ते सगळं माझ्याकडे.

आमच्या संघाचा जीव होता ताळमद्दळे. मराठी माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडचं यक्षगान तुम्ही पाहिलं असेल, मोठे मुकुट, रंगवलेले चेहरे. ताळमद्दळ्यात त्यातलं काहीच नसतं. मुकुट नाही, रंग नाही, नाच नाही. माणसं साध्या लुंगी-शर्टात, खांद्यावर शाल घेऊन बसतात. पदं म्हणणाऱ्याला भागवत म्हणतात. त्याच्या हातात टाळ, शेजारी मद्दळे, म्हणजे मृदंगासारखं वाद्य, वाजवणारा. भागवत एक पद म्हणतो आणि थांबतो. मग समोरासमोर बसलेले दोघं त्या पदाचा अर्थ बोलतात. एक राजा असेल, एक दूत असेल. लिहिलेलं काही नसतं, पाठ काही नसतं. मनातून बोलायचं, समोरच्याला कोंडीत पकडायचं, त्याने सुटायचं, आपल्याला पकडायचं. तासन्‌तास चालतं हे. आणि यात एक सोय आहे. बोलणारा अडला, जीभ जड झाली, सुचेनासं झालं, तर भागवत ते ओळखतो आणि पुढचं पद उचलतो. टाळ वाजले की मागचा प्रश्न संपला. लोकांना कळतही नाही की कुणी अडलं होतं. सगळा खेळ या विश्वासावर चालतो, की पडायला लागलो तर भागवत सावरतील.

आमचे भागवत म्हातारे होते. भाईंदरला मुलाकडे राहायचे. त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे भागवतच म्हणायचे.

ही विद्या मला बाबण्णांनी शिकवली. बँकेतून सुटलो की मी काशीमीऱ्याला जायचो, त्यांच्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचो, आणि ते गिऱ्हाइकांकडे बघत बघत मला प्रश्न टाकायचे. तू राजा, मी दूत, बोल. मी अडलो की हसायचे आणि उत्तर सांगायचे. खूप शिकवलं. पण — इथे माझी पहिली लाज येते — जे शिकवलं ते लोकांना सांगायचेही. मी चांगलं बोललो की प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणायचं, शेवटी बाबण्णांचा चेला. मला ते वर्षानुवर्षं टोचत होतं. पदवी माझ्याकडे, वाचन माझं, आणि चेला कुणाचा तर हॉटेलवाल्याचा. असा विचार मी करायचो. आज लिहितानाही मान खाली जाते, पण करायचो.

एकदा संघाची सहल चेण्याला गेली होती, नदीवर. जेवणं झाल्यावर बायका-मुलं पाण्यात होती आणि मी आणि बाबण्णा वाळूने मोठी पातेली घासत होतो. त्यांची मुलगी सुमा लग्नाची झाली होती. भांडुपच्या एका घरातून विचारणा आलेली. चांगली माणसं, आपल्याच भागातली. बाबण्णा बराच वेळ एकच पातेलं घासत राहिले. मग म्हणाले, "तू शिकलेला आहेस, म्हणून तुला विचारतो. ते घराणं विचारतील. काय सांगू?"

आणि त्यांनी मला सांगितलं. त्यांची आई एका मोठ्या घरात स्वयंपाकाला होती. वडील कोण, हे तिने कधी सांगितलं नाही. गावात राहणं अवघड झालं तेव्हा तिने त्यांना मुंबईच्या एका हॉटेलमालकाबरोबर पाठवून दिलं. त्या मालकाने त्यांना वाढवलं आणि स्वतःच्या घराचं नाव लावायला दिलं. बाबण्णा तेच नाव लावत होते. बायकोला माहीत होतं. सुमाला नाही. तिसरा मी.

मी काय सांगितलं? सांगितलं, काही बोलू नका. आजकाल कोण विचारतंय एवढं? माझ्याकडून तर हे कुठेच जाणार नाही. हाताला वाळू लागलेली असताना मी त्यांचा हात धरून हे बोललो. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, आणि ते खोटं नव्हतं. त्या क्षणी मी मनापासून बोलत होतो, एवढं तरी तुम्ही मानाल की नाही कोण जाणे.

पुढच्याच महिन्यात ताळमद्दळे होतं. भांडुपची मंडळी मुद्दाम आली होती. मुलगा, त्याचे आई-वडील, एक काका. बाबण्णांचं बोलणं त्यांनी ऐकावं, अशी सगळ्यांचीच इच्छा. सेक्रेटरी म्हणून मीच त्यांना दारात जाऊन घेतलं, मीच पहिल्या रांगेत बसवलं, कॉफी दिली. हे लक्षात ठेवा. ती माणसं कुठे बसली आहेत हे मला माहीत नव्हतं, असं मी पुढे एकदा स्वतःलाच पटवायला बघितलं होतं. माहीत होतं. मीच बसवली होती.

मी राजा होतो, बाबण्णा दूत. प्रसंग साधा — दूत दरबारात येतो, आपल्या धन्याचा निरोप देतो, राजा चिडतो, दूत निघून जातो. सुरुवात छान झाली. बाबण्णा रंगात आले होते. व्याही होणारी माणसं समोर, कोण रंगात येणार नाही? आणि रंगात आले की ते टोचून बोलायचे. म्हणाले, राजा, सिंहासनावर बसला म्हणून कुणी राजा होत नाही. काही जण आयुष्यभर दुसऱ्याने मांडलेल्या कागदावर नुसती सही करायला बसतात. हॉल हसला. माझं प्रमोशन दोनदा हुकलं होतं, हे सगळ्यांना माहीत. त्यांच्या मनात तसं होतं का? कदाचित नसेलही. राजाला डिवचणं हे दूताचं कामच आहे. मला मात्र ते झोंबलं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतोय.

भागवतांनी पद म्हटलं, थांबले. माझी पाळी.

मी आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की लोक पुढे वाकून ऐकतात, हेही बाबण्णांनीच शिकवलेलं. मी म्हणालो, "दूता, निरोप राहू दे. आधी तुझं सांग. ज्या घराचं नाव लावतोस, त्या घरात जन्मलास — की त्या घराच्या चुलीपाशी वाढलास?"

दूताला कुळ विचारणं यात नवीन काही नाही. प्रत्येक ताळमद्दळ्यात विचारतात. त्याची उत्तरंही ठरल्यासारखी असतात — दूताला कुळ नसतं, त्याचा निरोप हेच त्याचं कुळ. हे उत्तर मला गल्ल्याशेजारी बसवून बाबण्णांनीच दिलं होतं. ते सहज बोलले असते आणि टाळ्या घेतल्या असत्या. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राजाकडे नाही, माझ्याकडे. मी चुकून बोललो की जाणूनबुजून, एवढंच ते बघत होते. आणि त्यांना कळलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, पण त्यांना कळलं.

ते गप्प राहिले.

बाबण्णा आणि गप्प! हॉलमध्ये पंखे ऐकू यायला लागले. पहिल्या रांगेतल्या काकांनी मुलाच्या वडिलांकडे मान वळवली. इथपर्यंतही सगळं निस्तरलं असतं. भागवतांनी ओळखलं होतं. त्यांनी टाळ उचलले, पुढच्या पदासाठी श्वास घेतला, आणि रीतीप्रमाणे एकदा माझ्याकडे बघितलं.

आणि मी हात वर केला. तळहात त्यांच्याकडे करून. थांबा. राजा करतो तसा, रुबाबात — लोकांना वाटलं अभिनय. भागवतांना कळलं की अभिनय नाही. ते अडखळले. माझ्याकडे बघत राहिले, मग टाळ हळूच मांडीवर ठेवले. राजाची भूमिका करणारा थांबा म्हणाला तर भागवत थांबतात, तशी पद्धतच आहे.

हेच ते. प्रश्न रागात निघून गेला असं म्हणता येईल, जिभेला हाड नसतं म्हणता येईल. पण तो हात? समोर माणूस बुडत होता, सावरायला दुसरा पुढे आला होता, आणि मी त्याला अडवलं. मला ती शांतता अजून थोडी हवी होती. खरं सांगू? मला ती गोड लागत होती.

शेवटी बाबण्णांनी शाल नीट केली. दूताच्या आवाजात नाही, घरच्या साध्या आवाजात म्हणाले, "राजा, मला जाऊ दे." आणि उठून विंगेत गेले. निरोप न देताच. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. चेल्याने गुरूला निरुत्तर केलं म्हणून माझ्या पाठीवर थापा पडल्या. कॉफीच्या वेळी मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी सहज विचारलं, "यांचं मूळ घर नक्की कुठलं?" एक वाक्य बोललो असतो तरी चाललं असतं. चांगलं घर आहे हो, मी ओळखतो — एवढंच. मी हसलो आणि म्हणालो, "ते तुम्ही त्यांनाच विचारा."

त्यांनी विचारलं असणार. काही आठवड्यांनी भांडुपहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाल्या होत्या.

बाबण्णा संघात पुन्हा आले नाहीत. मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. मी काशीमीऱ्याला जायचं सोडलं, कामं वाढली म्हणून सांगितलं, आणि त्यांनीही बोलावलं नाही. कमिटीत लोक हळहळले. एवढा बोलका माणूस अडला कसा? मग कुणीतरी म्हणालं, अडला तर अडला, भागवतांनी पद उचलायला नको का? वय झालंय आता त्यांचं, लक्ष राहत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी अगदी समोर होतो.

मी म्हणालो, हो, वय झालंय.

पुढच्या वर्षी डोंबिवलीहून नवीन भागवत आले. म्हाताऱ्यांना कुणी कळवलंही नाही. एकदा भाईंदरच्या बाजारात ते समोर आले, हातात पडवळ. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी माझ्या मुलाचं शिक्षण कसं चाललंय ते विचारलं, बायकोची चौकशी केली आणि निघाले. मी त्यांना थांबवलं होतं, ते त्यांनी कुठेच सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर बाबण्णांचं गुपित आणखी चघळलं गेलं असतं म्हणून? की माझ्यासारख्यावर शब्द घालवायचा नव्हता? विचारायची माझी हिंमत झाली नाही. दोन वर्षांत ते गेले.

मग संघाला दहा वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली आणि संघाचा इतिहास लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी जीव ओतून लिहिलं. मिठागरांच्या कडेच्या पहिल्या बिल्डिंगा, टँकरच्या पाण्यावर केलेला पहिला गणपती, भाषा टिकवण्यासाठी परमुलखात माणसांनी केलेली धडपड. वाचून लोकांनी घरी फोन केले. त्यात बाबण्णांवर एक आख्खं पान आहे. त्याचा शेवट — प्रकृतीच्या कारणाने त्यांनी रंगमंचावरून निवृत्ती घेतली. भागवतांसाठी लिहिलं, वयोमानामुळे ते थांबले. ही दोन वाक्यं लिहिताना मी अडलो नाही. भाषा चांगली असली की कुठलंही वाक्य सरळ उतरतं.

स्मरणिका घेऊन सुमा घरी आली. तोवर तिचं लग्न झालं नव्हतं. पुढे झालं, वसईला, तिच्या ऑफिसातल्या मुलाशी, आणि ती सुखात आहे. पण त्या दिवशी ती माझ्यासमोर सोफ्यावर बसली होती आणि बायको आत चहा करत होती. सुमा म्हणाली, "अंकल, अप्पांना प्रकृतीचं काहीच नव्हतं. तुम्ही असं का लिहिलंत?"

मी म्हणालो, आदर राहावा म्हणून.

"नंतर घरी सगळं सांगितलं त्यांनी. कुणाचे, कुठले, सगळं. मला त्याचं काही वाटत नाही अंकल, खरंच. पण त्या दिवशी ते गप्प का बसले? साधा नाटकातला प्रश्न होता. एक वाक्य बोलले असते तर कुणाला कळलं पण नसतं. स्वतःलाच लाज वाटली त्यांना, आणि माझं लग्न मोडलं. मी त्यांच्याशी नीट बोलत नाही तेव्हापासून." मग म्हणाली, "आणि भागवत? ते पद का नाही म्हणाले? तुम्ही तर समोर होता."

बघा. मला ते आधीच माहीत होतं, हे बाबण्णांनी तिलाही सांगितलेलं दिसत नव्हतं. दार उघडून ती माझ्या घरात आली होती. मला शोधावं लागलं नाही, कुठे जावं लागलं नाही. अप्पांना लाज वाटली नव्हती, त्यांच्या मित्राने दगा दिला म्हणून त्यांची वाचा बसली. भागवत गाणार होते, मी थांबवलं. एवढं सांगायचं होतं. तिने मला शिव्या दिल्या असत्या आणि घरी जाऊन बापाशी बोलली असती.

मी म्हणालो, "भागवतांचं लक्ष नव्हतं. आणि अप्पांचं म्हणशील तर… होतं असं कधी कधी. मोठमोठ्यांची जीभ अडते. तू त्यांना माफ कर."

माफ कर! बाबण्णांना! हे मी म्हणालो, मोठेपणाने. तिने मान हलवली. बायको चहा घेऊन आली.

तिने माफ केलं का, मला माहीत नाही. बाबण्णा त्यानंतर चार-पाच वर्षं होते. हॉटेल भाड्याने देऊन टाकलं होतं. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसायचे म्हणे. मी त्या रस्त्याने जात नसे. बापलेकीचं बोलणं जुजबी होतं, असं माझ्या कानावर यायचं. मी काय करायचो? ऐकायचो, चुकचुकायचो.

ते गेले तेव्हा संघाने त्याच हॉलमध्ये शोकसभा घेतली. मुख्य भाषण कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. मी अर्धा तास बोललो. असं बोललो की मागच्या रांगेतले कॅन्टीनवाले शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. माझे गुरू, असं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणालो. सुमा पहिल्या रांगेत होती, नवरा आणि लहान मुलासकट. सभा संपल्यावर ती माझ्याकडे आली. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, अप्पांना नीट ओळखणारे तुम्ही एकटेच होता, अंकल. आणि वाकून माझ्या पाया पडली. पोरालाही वाकायला लावलं.

मी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.